कोन सादळतो, की मुळात कच्चाच असतो?

रत्नागिरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी विजेवर चालणारं वॉफल-कोनचं यंत्र घेतलंय. जुलैत मुलाचा वाढदिवस, तीसेक मुलं येणार, कोन आणि आइसक्रीमच्या वाट्या घरीच करायच्या. घरात अंडं चालत नाही, म्हणून पुस्तिकेतल्या कृतीतलं अंडं काढून त्यांनी दूध वाढवलं आणि 'मुलांना एवढी साखर कशाला' म्हणून साखर निम्मी केली. आता काही कोन गुंडाळतानाच तुटतात, जे जमतात ते दहा मिनिटांत वातड होतात, आणि जास्त वेळ ठेवावं तर करपतात. शेवटी त्या विचारतात, यंत्रच खराब आहे का, बदलून घेऊ का?

यंत्राला आधी निर्दोष सोडते. तुमच्या तक्रारी एकमेकींच्या उलट वाटतात. एक कोन वाकत नाही म्हणून तुटतो, दुसरा वाकतो म्हणून खाववत नाही. पण दोन्हींचं मूळ बरंचसं एकाच जागी आहे, साखर कापलीत तिथे. उरलेलं मूळ पाण्यात. चकतीतलं पाणी पुरतं गेलं नाही तर ती कच्ची, आणि जाऊन हवेतून परत आलं तर ती सादळलेली. खाणाऱ्याला दोन्ही सारखीच लागतात, पण इलाज अगदी वेगळे आहेत, आणि बहुतेक जण सादळण्यावरचा इलाज कच्च्या कोनवर करत बसतात.

मी ठाण्यात घरगुती आइसक्रीमच्या ऑर्डरी घेते, कोन-वाट्या घरीच करते आणि शिकवतेही. शिकायला येणाऱ्या बहुतेकींची पहिली तक्रार हीच असते. तरी एक सांगून ठेवते. तुमच्या यंत्राचे वॅट, घरातला विजेचा दाब, मैद्याचा प्रकार आणि बाहेरचा पाऊस यांप्रमाणे माझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. म्हणून प्रत्येक आकड्यामागचं कारणही देते. कारण कळलं की आकडा तुमचा तुम्हाला बदलता येतो.

आधी साखर. कोनच्या पिठात ती गोडीपेक्षा वळण्यासाठी जास्त लागते. यंत्रातून काढलेल्या चकतीतली साखर उष्णतेने मऊ झालेली असते, म्हणून ती चकती काही सेकंद कशीही वळते. गार झाली की तीच साखर काचेसारखी घट्ट होते आणि दिलेला आकार धरून ठेवते. साखर कमी असेल तर वाकवणारं काही उरतच नाही. पाणी गेलं की चकती गरम असतानाच ताठ होते आणि वळवायला जावं तर तुटते. ती तुटू नये म्हणून आपण लवकर काढतो, म्हणजे आत पाणी ठेवून काढतो. त्या ओलाव्यामुळे ती वळते खरी, पण मग वातडच राहणार. तुमच्या दोन्ही तक्रारी अशा एकाच जागेवरून निघतात.

साखर मैद्याच्या वजनाच्या निदान पाऊणपट हवी. अंड्याच्या बऱ्याच कृतींत ती मैद्याहूनही जास्त असते. साखरेची काळजी वाटत असेल तर आइसक्रीम कमी गोड करा. नाहीतरी एका कोनमध्ये साखर आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. त्यातली निम्मी वाचवून फार काही साधत नाही, कोन मात्र जातो.

इथे एक खुलासा. बाजारात सपाट बुडाचे, फिकट, जाळीदार कोन मिळतात, त्यांत साखर नाममात्र असते. मग ते कसे होतात? कारण ते गुंडाळतच नाहीत. त्यांचं पीठ थेट कोनाच्या आकाराच्या साच्यात ओतून भाजतात. ही दोन घराणी सुरुवातीपासून वेगळी आहेत. इटलीहून न्यूयॉर्कला आलेल्या इटालो मार्किओनी यांनी डिसेंबर 1903 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं ते आइसक्रीमचे कप साच्यात घडवण्याच्या उपकरणाचं. आणि 1904 च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनाची गोष्ट सांगतात ती गुंडाळलेल्या कोनची. शेजारच्या आइसक्रीमवाल्याच्या बश्या संपल्या तेव्हा सीरियाहून आलेल्या अर्नेस्ट हमवी यांनी आपल्याकडच्या पातळ, गरम वेफरच्या चकत्या सुरळी करून त्याला दिल्या, अशी ती गोष्ट. त्या मानाचे दावेदार बरेच आहेत आणि तो वाद आपल्याला सोडवायचा नाही. आपण दुसऱ्या घराण्यातले, आणि तिथे साखरेशिवाय गत्यंतर नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

आता दुखणं कुठे आहे ते शोधू. एक चकती भाजा आणि गुंडाळू नका. तशीच सपाट, जाळीवर पाच मिनिटं ठेवा, मग मोडून बघा. कडकन मोडली तर भाजणं बरोबर आहे. त्याच चकतीचा दुसरा अर्धा भाग ओट्यावर उघडा ठेवा. वीस मिनिटांनी तो वाकायला लागला तर तो सादळतोय, तेव्हा पीठ आणि भाजणं याला हात लावू नका, साठवणीकडे बघा. पण पाच मिनिटांनी, गार झाल्यावरच चकती वाकत असेल तर ती कच्ची आहे, आणि जगातला कुठलाही हवाबंद डबा तिला कुरकुरीत करणार नाही. कडा मोडतात आणि मध्य वाकतो, असं झालं तर पीठ मध्ये जाड राहिलंय. ही परीक्षा झाल्याशिवाय कृतीत काहीही बदलू नका.

माझा अंदाज विचाराल तर तुमची चकती मध्ये कच्ची निघेल. कारण दूध. दुधातली साखर आणि प्रथिनं यांमुळे रंग भराभर चढतो. आत पाणी असतानाच बाहेर तांबूस दिसू लागतं, आपण 'झालं' म्हणून काढतो, आणि नाही काढलं तर करपतं. अंडं गेल्यावर तुम्ही दूध वाढवलंत, म्हणजे पाणीही वाढलं आणि रंगही लवकर येऊ लागला. बिनअंड्याच्या कोनमध्ये मी दूध घालतच नाही, साधं पाणी घालते. रंग सावकाश येतो आणि तेवढ्यात चकती सुकते. दुधाची चव हवीच असेल तर पाण्याच्या चौथ्या हिश्शाइतकं दूध पुरे.

माझं बिनअंड्याचं प्रमाण असं: मैदा 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 15 ग्रॅम, पिठीसाखर 85 ग्रॅम, वितळवलेलं बटर 35 ग्रॅम, पाणी 110 ते 120 मिली, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. एवढ्यात 18 सेंटिमीटरच्या साच्याच्या दहाएक चकत्या होतात. वाटी-चमच्याच्या मापाने करू नका. वाटी दाबून भरली की मैदा वीस-तीस ग्रॅमनी सहज वाढतो, आणि इथे तेवढ्याने फरक पडतो.

अंडं इथे तीन कामं करत असतं. चकतीला बांधतं, सुकल्यावर तिला ताठपणा देतं, आणि बलकातल्या लेसिथिनमुळे ती साच्याला कमी चिकटते. बांधायला मैद्यातलं चिवट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, पुरतं. ताठपणा आणि कुरकुरीतपणासाठी कॉर्नफ्लोअर आहे. चिकटण्यावर उपाय म्हणून बटर थोडं जास्त धरलंय. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात सोया लेसिथिन मिळालं तर चिमूटभर घाला, पण त्यावाचून काही अडत नाही. ज्यांच्याकडे अंडं चालतं त्यांनी एक अख्खं अंडं, एका अंड्याचा फक्त पांढरा भाग, साखर 100 ग्रॅम, मैदा 85 ग्रॅम, बटर 30 ग्रॅम घ्यावं. वेगळं पाणी लागत नाही. ही चकती वळायला सोपी असते, हे मान्यच करायला हवं.

साखर घरी मिक्सरला बारीक करा. आपल्याकडच्या जाड दाण्याची साखर तशीच घातली तर ती पुरती विरघळत नाही. मग चकतीवर काळे ठिपके येतात आणि नेमक्या त्या जागा साच्याला धरतात. आधी साखर-मीठ कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग बटर, मग चाळलेला मैदा आणि कॉर्नफ्लोअर. गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा, फेटू नका. सोडा, बेकिंग पावडर अजिबात नको. हवा शिरली की चकती जाड आणि पोकळ होते, आणि अशी चकती मऊ पडायला टपलेलीच असते. पीठ अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे मैदा पाणी पितो आणि बुडबुडे वर येऊन फुटतात. घावनाच्या पिठाहून दाट, भज्यांच्या पिठाहून सैल, पळीतून न तुटता पडेल असं हवं. मुरल्यावर घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी, त्याहून जास्त नको.

गूळ, कणीक, नाचणी याबद्दल हटकून विचारतात, म्हणून आताच सांगून टाकते. गूळ हवेतला ओलावा साखरेपेक्षा लवकर ओढतो. पूर्ण गुळाचा कोन कोकणातल्या पावसाळ्यात टिकणार नाही. खमंगपणासाठी पाव हिस्सा साखर काढून गूळ घाला, तोही ऑक्टोबरनंतर. मधाचंही तेच. कणकेतला कोंडा पाणी धरतो आणि वळवताना तिथेच चीर जाते, त्यामुळे वस्त्रगाळ कणीक निम्म्यापर्यंत चालेल. नाचणी पाव हिश्शापर्यंत. रंग सुरेख येतो, चवही छान, पण नाचणीत ग्लुटेन नाही, म्हणून तिच्या वाट्या करा, कोन नको.

यंत्राबद्दल दोन गोष्टी. तुमचं कोनसाठीचंच आहे, म्हणजे पट्ट्यांवरची नक्षी उथळ असणार. खोल चौकोनी खळगे असलेलं बेल्जियन वॉफलचं यंत्र या कामाचं नाही, त्यात जाड, मऊ वॉफलच होतात. उलट कुणाकडे इटालियन पिझेल किंवा नॉर्वेच्या क्रुमकाकेचं यंत्र असेल तर ते बिनधास्त वापरा. नॉर्वेत तर ती पातळ चकती लाकडी शंकूवर गुंडाळण्याचीच रीत आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणून दिलेलं यंत्र असेल तर मागे चिकटवलेली व्होल्टची माहिती वाचल्याशिवाय प्लग लावू नका. ते बहुधा 120 व्होल्टचं असतं, आपल्याकडे 230 व्होल्ट येतात, आणि त्यात ते जळतं. त्याला यंत्राच्या वॅटपेक्षा मोठ्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो घेण्यापेक्षा इथलंच यंत्र स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची, आणि ही फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. तापवणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या, म्हणजे दाब गुणिले दाबाच्या, प्रमाणात बदलते. 230 ऐवजी घरात 200 व्होल्ट येत असतील तर 800 वॅटचं यंत्र साधारण 600 वॅटचंच काम करतं. संध्याकाळी सगळीकडे पंखे, पंप, एसी चालू असताना दाब उतरतो, साचा प्रत्येक चकतीनंतर पुरेसा तापत नाही, आणि सकाळी उत्तम झालेली कृती रात्री वातड निघते. अशा वेळी दोन चकत्यांच्या मध्ये एक-दीड मिनिट रिकामा साचा बंद करून तापू द्या, किंवा काम सकाळी उरका.

आता प्रत्यक्ष भाजणं. दिवा लागला किंवा विझला की यंत्र तयार, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्यानंतरही चार-पाच मिनिटं थांबा, कारण दिवा एका ठिकाणचं तापमान सांगतो आणि कडा मागे असतात. बटण मध्याच्या जरा वर ठेवा. पहिल्या चकतीआधी दोन्ही पट्ट्यांवर बटरचा अगदी हलका हात फिरवा, पुढे लागत नाही. साचा 18 सेंटिमीटरचा असेल तर पीठ 35 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन भरपूर मोठे चमचे. ते बरोबर मध्ये न टाकता बिजागरीकडे बोटभर सरकवून टाका. झाकण बिजागरीकडून मिटत येतं आणि पीठ पुढे ढकलतं, मध्ये टाकलेलं पीठ मुठीच्या बाजूने बाहेर येतं. झाकण मिटून पहिले पाच-सात सेकंद दाबून धरा, पण हात कडेपासून लांब, कारण तिथून वाफेचा झोत येतो.

ती वाफ हेच तुमचं घड्याळ. आधी जोरात फुसफुसते, मग बारीक होते, मग जवळजवळ दिसेनाशी होते. वाफ आहे तोवर आत पाणी आहे. ती थांबल्यावर पंधरा-वीस सेकंदांनी उघडून रंग बघा. कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा बदामी-तांबूस हवा. घरगुती यंत्रात याला दीड ते अडीच मिनिटं लागतात. वाफ थांबायच्या आतच रंग गडद झाला तर बटण एक घर खाली आणा आणि वेळ वाढवा. वाफ थांबूनही रंग फिकाच असेल तर एक घर वर. बटणाचा अंदाज येईपर्यंत दोन-तीन चकत्या जातात, त्या जाऊ द्या.

गुंडाळणं वाचून पूर्ण येत नाही, पण नीट सांगायचा प्रयत्न करते. साच्याशेजारी चौघडी केलेला सुती पंचा पसरा. त्यावर शंकू, म्हणजे यंत्राबरोबर आलेला लाकडी किंवा प्लॅस्टिकचा. हातात पातळ सुती हातमोजे, रबराचे नकोत. सिलिकॉनच्या किंवा लाकडी उलथण्याने चकतीची कड उचला, चकती पंच्यावर टाका, जी बाजू जास्त देखणी ती खाली. शंकू चकतीवर आडवा ठेवा, टोक चकतीच्या डाव्या कडेच्या जरा आत. आता तुमच्याकडची कड पंच्यासकट उचलून शंकूवर घ्या आणि टोकापाशी बोटाने घट्ट दाबा. सगळा जोर टोकापाशी, रुंद तोंडाकडे हात सैल. मग शंकू पुढे लोटत न्या, चकती स्वतःवर चढत जाईल. जिथे शेवटची कड बसते ती शिवण खाली करून अर्धा मिनिट ओट्यावर दाबून धरा. शिवण उघडते ती याच अर्ध्या मिनिटात घाई केल्यामुळे.

या सगळ्याला तुमच्याकडे दहा सेकंद आहेत, फार तर पंधरा. पंखा बंद ठेवा, शंकू धातूचा असेल तर आधी कोमट करून घ्या, आणि फोन दुसऱ्या खोलीत. मध्येच चकती ताठ झाली तर जोर लावू नका. ती पुन्हा साच्यात ठेवून झाकण न दाबता दहा सेकंद गरम करा. साखर परत मऊ होते आणि चकती परत वळते. ज्यांनी साखर निम्मी केली त्यांना ही दुसरी संधी मिळत नाही.

टोकाला बारीक भोक राहतंच, कितीही सराव असला तरी. कोन गार झाल्यावर आत अर्धा चमचा वितळलेलं चॉकलेट टाकून टोक खाली करून उभा ठेवा. भोकही बुजतं, आणि मुलांना शेवटचा घास तोच आवडतो.

तुम्हाला मात्र माझा सल्ला असा की तीसच्या तीस कोन करू नका. निम्म्याहून जास्त वाट्या करा. वाटीला शिवण नाही, भोक नाही, चकती थोडी जाड-पातळ झाली तरी चालतं, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात ती कोनपेक्षा सुखाने राहते. दोन पद्धती आहेत. स्टीलची वाटी पालथी घालून तिच्यावर गरम चकती टाकायची आणि वरून पंच्याने चहूबाजूंनी दाबायची, म्हणजे कडेला द्रोणासारख्या चुण्या पडतात. किंवा मोठ्या वाटीत चकती बसवून आतून लहान वाटीने दाबायची, म्हणजे आकार नेटका येतो. पण स्टील उष्णता झपाट्याने ओढतं, त्यामुळे आत एकदाच, मधोमध, ठाम हाताने दाबा. थोडं थोडं दाबत बसलात तर बुडाशी चीर जाते. दुसऱ्या पद्धतीत आतली वाटी दहा सेकंदांत काढून घ्या. दोन वाट्यांमध्ये अडकलेली उरलीसुरली वाफ चकतीतच मुरते. कोन असो की वाटी, गार करायला जाळीच हवी. ताटलीत ठेवलं की खालची बाजू घामेजते. गरम असताना एकात एक घालणं तर नकोच.

एक धोका विसरू नका. ही चकती म्हणजे तापलेली साखर आहे, ती कातडीला चिकटून राहते, म्हणून चटका साध्या तव्याच्या चटक्याहून खोल जातो. मुलांना गुंडाळायला हौस असते, पण त्यांना फक्त चॉकलेट लावायचं काम द्या. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको.

आता तुमच्या गावचा जुलै. माझं माहेर नागपूरचं. तिथे मे महिन्यात कोन ताटात उघडा राहिला तरी तासभर कुरकुरीत असतो. ठाण्यात पावसाळ्यात तोच कोन पाव तासात मान टाकतो, आणि रत्नागिरीत याहून बरं काही नसणार. म्हणून कोन पूर्ण गार झाला, हाताला किंचितही कोमट लागत नाही, की लगेच डब्यात. थांबायचं नाही. डबा रबराच्या कडेचा, घट्ट बसणारा हवा. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. तांदळाची पुरचुंडी ठेवतात, तिचा फारसा उपयोग नाही. आणि एक मोठा डबा भरण्यापेक्षा सात-आठ कोनचे लहान डबे भरा, कारण दर वेळी डबा उघडला की दमट हवा आत जाते.

एवढं करूनही सादळले तर ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, 150 अंशांवर तापवून चार-पाच मिनिटं ठेवा. गरम असताना ते मऊ पडतात, म्हणून कोन ओव्हनला चालणाऱ्या पेल्यात उभे करा आणि वाट्या वाटीवर पालथ्या घाला, नाहीतर आकार बसतो. बाहेर काढून गार झाले की पुन्हा कडक. चॉकलेट लावलेले कोन अर्थातच असे तापवता येत नाहीत, म्हणून चॉकलेट लावण्याआधीच एक तुकडा मोडून खात्री करून घ्या. मायक्रोवेव्ह नको, त्यात ते आणखी वातड होतात. मुळात कच्चा राहिलेला कोनही ओटीजीत बराचसा सुधारतो, मात्र तेव्हा वेळ आठ-दहा मिनिटांवर जातो आणि रंगाकडे डोळा ठेवावा लागतो.

हवेचा बंदोबस्त झाला, पण कोनचा दुसरा शत्रू आतच भरलेला असतो. वितळणारं आइसक्रीम कोन आतून भिजवतं. त्यावर जुना, खात्रीचा उपाय म्हणजे आतून चॉकलेटचा पातळ लेप. भरलेला कोन फ्रीझरमध्ये ठेवून विकण्याची अडचण नेपल्सच्या स्पिका या आइसक्रीम कंपनीने 1959 मध्ये अशीच सोडवली. कोनच्या आतून तेल, साखर आणि चॉकलेटचा थर दिला, म्हणजे ओलावा अडला. तोच पुढे कॉर्नेटो म्हणून जगभर गेला. तुम्ही साधं कंपाउंड चॉकलेट वितळवून ब्रशने आतून एक हात द्या. कंपाउंड यासाठी की खऱ्या कोको बटरच्या चॉकलेटला टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांवर वितळवून गार करणं, करावं लागतं, नाहीतर ते लवकर घट्ट होत नाही आणि बोटांना लागतं. वाट्यांना बुडाशी आणि निम्म्या उंचीपर्यंत लेप पुरे.

तीस मुलांसाठी चकत्या छत्तीस धरा, तुटफूट होणारच. वरच्या प्रमाणाच्या साडेतीनपटीहून थोडं जास्त पीठ लागेल, पण सगळं एकदम भिजवू नका. दोन घाण्यांत करा, दुसरं भिजवेपर्यंत यंत्राला उसंत मिळते. एका चकतीला भाजणं-वळणं धरून तीन मिनिटं, म्हणजे दोन तास तरी लागतील. आदल्या दिवशी सकाळी, दाब चांगला असताना, हे उरका. दुपारी लेप द्या, पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये बंद डब्यातच ठेवून चॉकलेट घट्ट करा आणि डबे बाहेर काढून न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार कोन दमट हवेत उघडा केला तर त्यावर दव धरतं. वाढदिवसाला डबे आतल्या खोलीत ठेवा, एका वेळी एकच उघडा, आणि आइसक्रीम मुलाच्या हातात द्यायच्या क्षणी भरा. भरून ताटात मांडून ठेवायचा मोह आवरा.

काम झाल्यावर यंत्र कोमट असताना मऊ, कोरड्या ब्रशने नक्षी झाडा आणि ओल्या फडक्याने पुसा. पाण्याखाली धरू नका, सुरीने खरवडू नका. डब्यातलं फवाऱ्याचं तेल वापरू नका, त्याचा चिकट पिवळा थर साचतो आणि महिन्याभराने चकत्या धरायला लागतात, मग दोष पुन्हा यंत्राच्या माथी. तुटलेल्या चकत्या ओटीजीत कडक करून जाडसर कुटा आणि बरणीत भरून ठेवा. श्रीखंडावर किंवा आइसक्रीमवर घालायला त्या बदामाच्या कापांइतक्याच छान लागतात.